चर्चच्या तरुण संघाच्या नव्या सेक्रेटरीला

प्रिय,

प्रभूमध्ये सलाम.

मुलांच्या सुरक्षेचे नियम लिहायचं काम पाळकांनी तुझ्यावर टाकलंय. लिहायला बसण्याआधी डिसेंबर डोळ्यांसमोर आण. घरोघरी नाताळची गाणी गात जाणाऱ्या कॅरलची शेवटची फेरी, रात्रीचे बारा, केक-चहा उरकलेला, आणि कुणीतरी म्हणतो, "तिला मी सोडतो, माझ्या वाटेवरच घर आहे." म्हणणारा बहुतेक वेळा भलाच असतो. पण पोरांची सुरक्षितता कुणाच्या भलेपणावर सोडायची नाही. एक मूल आणि एकच मोठा माणूस, हे बाईकवर नको, शिबिराच्या खोलीत नको, रात्रीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही नको. कुणासोबत प्रार्थना करायची तर दार उघडं ठेवून, चारचौघांना दिसेल अशी. हे पाळकांनाही लागू. त्यांना तोंडावर सांगणं तुला जड जाईल, म्हणून मंडळीच्या कमिटीत ठराव करून घे.

तुमच्या संघात 15 वर्षांची पोरं आणि पंचविशीतले दादा एकाच चटईवर बसतात. 22 वर्षांचा गिटारवाला आणि 16 वर्षांची मुलगी यांचं जुळलं, की मोठी माणसं "पुढे लग्नच करतील" म्हणून हसून सोडून देतात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा 2012 चा पॉक्सो कायदा 18 च्या आतल्या मुलामुलींची संमती धरत नाही. हे पहिल्याच मीटिंगला स्पष्ट सांग, दादा लोकांसमोर.

एखादं मूल तुझ्यापाशी काही बोललं तर ऐकून घे. खोदून विचारू नकोस. "कुणाला सांगणार नाही" असं कबूल करू नकोस, कारण सांगावंच लागेल. त्याचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून ठेव आणि पोलिसांना कळव. खरंखोटं करणं त्यांचं काम. तुला नुसती शंका असली तरी कळवायचं असतं, आणि सद्‌हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत. धार्मिक संस्थेतल्याच माणसाने तिथल्या मुलावर अत्याचार केला तर कायदा तो अधिक गंभीर धरतो.

तुला अडवतील ते बहुधा बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय काढूनच. त्यात म्हटलंय: भावाला आधी एकांतात समज दे, मग दोघांतिघांना ने, मग मंडळीला सांग. ते पंधरावं वचन बरोबरीच्या दोघांसाठी आहे. त्याच अध्यायातलं सहावं, लहानांना अडखळवणाऱ्याला गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं म्हणणारं, अशा बैठकीत कुणी वाचत नाही. मुलाला त्रास देणाऱ्या माणसासमोर बसवून "क्षमा केली म्हण" असं वदवून घेणं, हे मला प्रभूच्या नावाने केलेलं दडपणच वाटतं. जबाब घेताना मूल आरोपीसमोर येणार नाही याची काळजी पोलिसांनासुद्धा घ्यावी लागते, मग आपण कोण?

प्रौढांनाही विसरू नकोस. कॉयरमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेला कुणी असेल, त्याला कुणी राबवत वा छळत असेल, तर 2016 च्या अपंग हक्क कायद्याखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे कुणीही कळवू शकतं.

आणि संडे स्कूलच्या पोरांकडून सोनेरी वचनासोबत 1098 पाठ करून घे. मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट लागतो, रात्रीही.

तुझ्या बाई