डबा कशाला घ्यायचा?

प्रिय चिऊ,

पुलाव उबिन बेटावरून सिंगापूरला परत येताना बोटीत तू विचारलंस, "बाबा, आपण कुठेही निघालो की डबा का घेतो? बाकी कोणीच घेत नाही. आपण कंजूष आहोत, की आपल्याला दुसऱ्यांच्या हातचं चालत नाही?" इंजिनाच्या धडधडीत बोलणं शक्य नव्हतं आणि घरी पोचेपर्यंत तू माझ्या खांद्यावर झोपली होतीस. म्हणून लिहून देतोय. लिहिण्याचा एक फायदा म्हणजे अडचणीचा भाग आला की मला "चल, दात घासून घे" म्हणून सटकता येणार नाही.

आधी कंजूषपणाचं बघू. सिंगापुरात तरी हे कारण टिकत नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, पाच-सहा डॉलरमध्ये एक माणूस पोटभर जेवतो. मुस्तफा नावाच्या दुकानातून आणलेलं ज्वारीचं पीठ, तूप, शेंगदाणे आणि आईची पहाटेची झोप असा सगळा हिशेब मांडला तर आपला डबाच महाग पडेल. पण आजीच्या बाबतीत हे कारण अगदी खरं होतं. ती चार मुलांना घेऊन एसटीने कराडला जायची. स्टँडवरच्या कँटीनमध्ये प्रत्येकाला एकेक वडा म्हटला तरी तिकिटाच्या पैशांना हात लागला असता. म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कागदाच्या पुडीत शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या. गाडीने घाट चढायला घेतला की डबा उघडायचा, हे तुझ्या आत्याला अजून आठवतं. तिला घाट लागायचा, हेही आठवतं, पण ते तू तिलाच विचार.

आजीच्याही आधी पैसे असून उपयोग नव्हता, कारण वाटेत विकत घेण्यासारखं काही नसायचंच. बैलगाडीने किंवा पायी निघालेल्या माणसाने फडक्यात भाकरी, कांदा, ठेचा बांधून घ्यायचा आणि विहीर किंवा ओढा दिसला की सोडायचा. त्याला शिदोरी म्हणायचे. उबिनवर तू हे थोडंफार अनुभवलंस. धक्क्यापाशी दोन-चार खाणावळी आहेत, पण सायकल घेऊन बेटाच्या टोकाला चेक जावाकडे निघालं की रस्त्यात झाडं आहेत, रानडुकरं आहेत, माकडं आहेत, जेवण नाही. साडेबारा वाजता त्या "बाकी कोणीच"पैकी किती जण आपल्या पुऱ्यांभोवती जमले होते, ते आठव बघू. तुझ्या मैत्रिणीच्या नेनेकने, म्हणजे तिच्या मलय आजीने, तर आपला चार कप्प्यांचा स्टीलचा डबा बघताक्षणी "तिंगकाट!" म्हणून हातात घेतला. त्यांच्याकडेही अस्सेच डबे, फक्त इनॅमलचे आणि वर फुलं रंगवलेले. म्हणजे या शहराला डबा काही नवा नाही. तुझ्या वर्गाला नवा आहे.

आता दुसरा भाग. दुसऱ्यांच्या हातचं चालत नाही का?

आता चालतं. पूर्वी पुष्कळ घरांत चालत नव्हतं, आणि डबा घेण्याचं तेही एक कारण होतं. ते लपवून मला तुला नुसतं "घरचं अन्न स्वच्छ असतं" असं सांगायचं नाही.

तुला आवडते ती दशमी घे. तिचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात. त्यामुळे ती मऊ राहते, प्रवासात टिकते, हे तर आहेच. पण सोवळं पाळणाऱ्या घरांत आणखी एक हिशेब असे. पाण्यात भिजवून केलेली पोळी वाटेत कुठेही बसून खायची नाही, तिला विटाळ होतो. दुधात मळलेली किंवा तळलेली चालते. दशमी आणि पुरी प्रवासाच्या डब्यात जाऊन बसल्या त्यात या नियमाचा मोठा हात आहे. आणि विटाळ म्हणजे धूळ किंवा जंतू नव्हे. कोणत्या जातीच्या माणसाने शिवलं, कोणाची सावली पडली, कोणाच्या घरचं पाणी, असला तो हिशेब. घरचा डबा बरोबर असला की वाटेत कोणाच्या हातचं खायची वेळच यायची नाही.

त्याची दुसरी बाजू ऐक. सुट्टीत आपण पुण्याहून रेल्वेने कराडला जातो तेव्हा कराडच्या थोडं आधी मसूर नावाचं छोटं स्टेशन लागतं. 1901 मध्ये तिथे काही मुलं उतरली. त्यांतला एक भीमराव आंबेडकर, साधारण तुझ्याच वयाचा. वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते, सुट्टीत त्यांच्याकडे राहायला जायचं म्हणून मुलं नवे कपडे घालून साताऱ्याहून निघाली होती. बरोबर भरपूर खाणं होतं. न्यायला कोणी आलं नाही. स्टेशनमास्तरने जात विचारली, मुलांनी महार असल्याचं सांगितलं, आणि त्याचा चेहराच बदलला. एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्याला तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची, तो शेजारून चालणार. कारण त्यांच्याबरोबर गाडीत बसलं की तो विटाळणार होता. वाटेत भूक लागली, डबा उघडला, पण प्यायला पाणी नाही. जे होतं ते शेणामुताने घाण झालेलं. रात्री जकात नाक्यावर पाणी मागितलं, तिथेही मिळालं नाही. अन्न शेजारी ठेवून मुलं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी मोठेपणी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

म्हणून "आपण डबा नेतो, किती छान आपली पद्धत" असं मला सरळ म्हणता येत नाही. पुऱ्या त्याच, चटणी तीच. एका घरात डबा होता तो दुसऱ्याचं पाणी टाळायला, दुसऱ्या घरातल्या मुलांना डबा असून पाणी मिळालं नाही.

हे बदलायला माणसांनी फार काही केलं. पुण्यात जोतिराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्याच मसूरच्या रस्त्यावर तहानलेल्या मुलाने मोठा झाल्यावर, 1927 मध्ये, महाडला हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह! तुला हे खोटं वाटेल, मलाही तुझ्या वयात वाटलं होतं.

आपल्याकडे याच्या अगदी उलटी अशीही एक पद्धत आहे. तू दहीहंडीचे व्हिडिओ बघतेस, पण त्या दिवसाचं खरं खाणं म्हणजे काला. गोष्ट अशी की गाई चारायला गेलेले गोपाळ आपापली शिदोरी आणत. कोणाची दहीभात, कोणाची शिळी भाकरी, पेंद्याची तर अगदीच साधी. कृष्ण ते सगळं एकत्र कालवायचा आणि सगळ्यांनी त्यातलंच खायचं. वारकरी अजूनही आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला काला करतात. लाह्या, पोहे, दही, मिरची, लोणचं, सगळं कालवून एकमेकांच्या तोंडात घास घालतात. एकदा कालवल्यावर कुठला घास कोणाच्या घरचा ते कृष्णालाही सांगता येणार नाही. अर्थात त्याच पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळाचं दार दलितांसाठी उघडायला 1947 साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. काला खाऊन घरी गेलं की माणसं परत आपापल्या पंगतीत बसत होती. पण पद्धत निवडायचीच असेल तर मी ही निवडतो.

तू लगेच विचारशील म्हणून आधीच सांगतो. हॉकर सेंटरमध्ये हलाल ताटं ठेवायची जागा वेगळी आणि बाकीची वेगळी, मग तेही सोवळंच नाही का? मीही यावर विचार केला. तिथे प्रश्न पदार्थाचा आहे, समोर बसलेल्या माणसाचा नाही. तुझी मैत्रीण डुकराचं मांस खात नाही, पण ते खाणाऱ्या शेजाऱ्याच्या टेबलावर बसून ती आपला नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, खाते, दोघं गप्पा मारतात. काय खायचं नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. आपणही बीफ खात नाही, कोणाला त्याचं वाईट वाटत नाही. सोवळ्यात माणूसच चालत नव्हता, त्याने तेच तूप, तोच तांदूळ आणला तरी.

आणि हॉकर सेंटर मला का आवडतं, तेही सांगायचं राहिलं. या बेटावर चीन, भारत, मलाया, जावा इथून एकटी माणसं कामाला आली. दाटीवाटीच्या खोल्यांमध्ये राहायची, चूल मांडायला जागा नाही. त्यांना रस्त्यावरच्या फेरीवाल्यांनी जेवू घातलं. पुढे सरकारने त्या फेरीवाल्यांना 1971 ते 1986 या काळात नळ, गटार आणि छप्पर असलेली केंद्रं बांधून दिली. 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीतही त्यांचं नाव गेलं. मुंबईत गिरणगावात हीच तऱ्हा. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला खाणावळवाल्या बाईकडे जायचे. त्या बायकांची पुढे 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून संघटना बांधली. ऑफिसातल्या बाबूंना घरचं जेवण पोचवायला डबेवाले होतेच, एकोणिसाव्या शतकापासून. घर सोडून आलेल्या माणसाला दुपारी एक वाजता काय मिळतं, यावरून शहर कसं आहे ते कळतं, असं माझं मत आहे. तुझ्या आईला हे मत जरा जास्तच मोठं वाटतं.

आता इथल्या फिरण्याबद्दल. डबा आपण घेत राहू, पण कुठे उघडायचा ते ठिकाण बघून. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, अजिबात नाही, तिथे खाल्लं तर पाचशे डॉलरपर्यंत दंड आहे आणि तुझ्या आत्याला घाट लागायचा तसा आईला दंड लागतो. हॉकर सेंटरमध्येही नाही. त्या टेबलांवर विकणाऱ्यांचं पोट आहे, तिथे बसायचं तर त्यांच्याकडचंच घ्यायचं आणि ताट उचलून ठेवायचं. मॅकरिचीच्या जंगलात माकडांसमोर नाही. एक पुरी जरी तू त्यांना दिलीस तरी कायद्याने पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय माकडं माणसाच्या पिशव्या ओढायला शिकतात ते वेगळंच. बोटॅनिक गार्डनच्या हिरवळीवर, ईस्ट कोस्टच्या झाडांखाली, उबिनवर आडोसा बघून मात्र खुशाल.

आणि उघडला की आधी आजूबाजूला विचारायचं. त्यात काय काय आहे ते सांगायचं, कारण समोरच्याचेही नियम असतात. शेंगदाण्याची चटणी तर न सांगता कोणाच्या हातावर ठेवायचीच नाही, तुझ्या वर्गात एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. त्यांनी काही पुढे केलं तर "नो थँक्यू" म्हणून मागे सरकायचं नाही. शाकाहारी आहे का विचार, असेल तर घे, नसेल तर हसून तसं सांग. नेनेकने तुला परवा ओंदे-ओंदे दिले तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. आत गूळ, वर खोबरं, म्हणजे उकडीच्या मोदकाचे मामेभाऊच. ते खायला माझी परवानगी कशाला?

डबा नको वाटला तर तसंही सांग. एखाद्या रविवारी नुसत्या पाण्याच्या बाटल्या घेऊन निघू आणि चांगी व्हिलेजला जेवू. मला चालेल. आजीला फोनवर सांगायचं काम मात्र तुझं.

येत्या शनिवारी बोटॅनिक गार्डनला जातोय. पुऱ्या तू लाट, तळायचं मी बघतो. नेनेकसाठी वेगळा डबा भरायचा आहे, तिने तिचा इनॅमलचा पाठवलाय. तो रिकामा परत द्यायचा नसतो, एवढं तुला सांगायला नकोच.

तुझा
बाबा