वाचकांचे प्रश्न : होल्डन मला जवळचा वाटतो, माझं काही बिघडलंय का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी १९ वर्षांचा आहे, नांदेडकडचा, पुण्यात इंजिनिअरिंगला सेकंड इयरला, हॉस्टेलवर राहतो. मागच्या महिन्यात 'द कॅचर इन द राय' ही जे. डी. सॅलिंजरची इंग्रजी कादंबरी वाचली, दोन रात्रीत संपवली. त्यातला होल्डन बोलायला लागला की असं वाटायचं की माझ्या डोक्यातलं कोणीतरी आधीच लिहून ठेवलंय. मेसमध्ये एवढी पोरं असतात आणि मी मोबाइलमध्ये तोंड घालून जेवतो, कोणाशी काय बोलायचं तेच सुचत नाही. रूममेटला पुस्तक वाचायला दिलं तर तो म्हणाला श्रीमंत बापाचा लाडावलेला पोरगा आहे, सगळ्यांना नावं ठेवतो, स्वतः काहीच करत नाही, आणि तुला तो आवडला म्हणजे तुझंच काहीतरी बिघडलंय. तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. होल्डन आपलासा वाटणं चुकीचं आहे का?

उत्तर : अरे नाही, अजिबात नाही. हे आधी सांगून टाकते.

आता तुझ्या रूममेटचं बघू, कारण तो अगदीच खोटं बोलत नाहीये. होल्डन कॉलफिल्ड पैसेवाल्या घरातला आहे, वडील वकील, शाळा महागडी बोर्डिंगची, आणि पाचपैकी चार विषयांत नापास झाला म्हणून तिथून काढलंय. घरी पत्र पोचायच्या आत तो शनिवारी रात्रीच शाळेतून निघतो आणि न्यूयॉर्कमध्ये हॉटेलात जाऊन राहतो. जो दिसेल तो त्याला 'फोनी' वाटतो, म्हणजे ढोंगी, आणि स्वतः मात्र ट्रेनमध्ये भेटलेल्या एका वर्गमित्राच्या आईला थापांवर थापा मारतो, नाव पण खोटं सांगतो. त्याचा राग येणारे वाचक पुष्कळ आहेत आणि त्यांचं मी समजू शकते.

पण रूममेटला एक विचार, की बाबा रे, ग्लोव्हचं पान वाचलंस का नीट?

होल्डनचा धाकटा भाऊ ॲली ल्युकेमियाने गेला, जुलै १९४६ मध्ये. ॲली ११ वर्षांचा होता, होल्डन १३ चा. त्या रात्री होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि त्याने गॅरेजच्या सगळ्या काचा मुठीने फोडल्या, हाताची वाट लागली, आणि तो हॉस्पिटलमध्ये असल्यामुळे भावाच्या अंत्यविधीलाही जाऊ शकला नाही. ॲलीच्या बेसबॉलच्या ग्लोव्हवर हिरव्या शाईने कविता लिहिलेल्या होत्या, मैदानात उभं असताना समोर कोणी बॅटिंगला नसेल तेव्हा वाचायला काहीतरी हवं म्हणून. तो ग्लोव्ह होल्डन शाळेत सोबत घेऊन फिरतो. आता पुढचं बघ. त्याचा रूममेट स्ट्रॅडलेटर डेटवर जाताना त्याला सांगून जातो की माझा इंग्रजीचा निबंध लिहून ठेव, एखाद्या खोलीचं नाहीतर घराचं वर्णन वगैरे. होल्डनला खोलीबिलीचं काही सुचत नाही, तो ग्लोव्हबद्दल लिहितो. स्ट्रॅडलेटर परत येतो, वाचतो आणि चिडतो, की विषय सोडून लिहिलंयस. होल्डन तो कागद फाडून टाकतो.

मला वाटतं पुस्तक इथे आहे. मेलेल्या भावाबद्दल पोराने पहिल्यांदा काहीतरी लिहून दुसऱ्याच्या हातात दिलं आणि वाचणाऱ्याने काय सांगितलं, तर विषय चुकला. त्यानंतर तो जे सगळ्यांना ढोंगी म्हणत सुटतो ते मला नुसतं तिरसटपणाचं वाटत नाही.

मी स्वतः हे १७ व्या वर्षी वाचलं होतं. पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, आणि सगळ्या खुणा कुठे, तर तो लोकांची उडवतो त्या वाक्यांना, कारण मला तेव्हा कॉलेजमधलं प्रत्येक जण खोटं वाटायचं आणि आपल्या बाजूने कोणीतरी बोलतंय याचाच आनंद होता. बावीस वर्षांनी तीच प्रत माळ्यावरून काढली. मधल्या काळात माझी मोठी बहीण गेली होती. ग्लोव्हच्या पानावर एकही खूण नव्हती, म्हणजे १७ व्या वर्षी मी ते पान नुसतं उलटलं होतं, आणि आता त्या पानाच्या पुढे मला दोन दिवस जाताच आलं नाही.

म्हणून तुला विचारते, तुला नक्की कुठला होल्डन जवळचा वाटला? लोकांना नावं ठेवणारा, की न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरच्या टेलिफोन बूथमधला? स्टेशनवर उतरल्या उतरल्या तो बूथमध्ये शिरतो, कोणाकोणाला फोन करता येईल ते एकेक नाव मनात काढतो आणि प्रत्येकाला काही ना काही कारण काढून खोडतो, वीसेक मिनिटांनी कोणालाच फोन न करता बाहेर येतो. तू मेसमध्ये मोबाइल उघडून बसतोस असं लिहिलंयस ना, ते वाचताना मला तो बूथ आठवला. तसंच ते सेंट्रल पार्कच्या तळ्यातल्या बदकांचं, की तळं गोठलं की बदकं जातात कुठे, त्यांना कोणी गाडी आणून घेऊन जातं का ती आपली आपण उडून जातात. दोन टॅक्सीवाल्यांना विचारतो, दोघेही वैतागतात. लोक त्याला विक्षिप्त म्हणतात त्यावरून, पण ज्याला स्वतःला जायला जागा नाहीये तो हेच विचारणार ना.

एक गोष्ट कर. तुझ्या रूममेटने तू दिलेलं पुस्तक वाचलं, निदान मत बनवण्याइतकं तरी वाचलं, हे काही कमी नाही, स्ट्रॅडलेटरपेक्षा तो नक्कीच बरा. त्याच्याशी वाद नको घालू, त्याला ते पान काढून दे आणि सांग की मला हे का लागलं. विषय सोडून बोललास तरी चालेल.

आणि हे पण लिहिते, गैरसमज करून घेऊ नकोस. शेवटाकडे होल्डन फिफ्थ ॲव्हेन्यूवरून चालताना प्रत्येक रस्ता ओलांडताना घाबरतो, की आपण पलीकडे पोचणारच नाही, मधेच नाहीसे होऊ, आणि तो गेलेल्या ॲलीला विनवत राहतो की मला नाहीसा होऊ देऊ नकोस, पलीकडे पोचला की त्याचे आभार मानतो. तुला असलं काही होत असेल, नाहीसं व्हावंसं वाटत असेल, तर त्यात लपवण्यासारखं काही नाही, कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा, किंवा १४४१६ लावायचा, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि मला परत लिही.

प्रश्न : ताई, माझा मुलगा अकरावीत आहे, क्लास लावलाय, पण वर्षभरात घरात बोलणंच बंद झालंय. त्याच्या उशाखाली हेच पुस्तक सापडलं, सगळीकडे पेनाने रेघा मारल्यात. इंटरनेटवर वाचलं की गायक जॉन लेननला मारणाऱ्या माणसाकडे हे पुस्तक होतं आणि अमेरिकेत किती तरी शाळांनी ते बंद केलं होतं. काढून घेऊ का? की त्याला बसवून समजावून सांगू? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : काढून घेऊ नका हो. १९८० मधली ती घटना खरी आहे, त्या माणसाच्या हातात हे पुस्तक होतं, पण तो मुळात आजारी होता आणि गेल्या ७० वर्षांत हेच पुस्तक वाचून कोट्यवधी पोरं आपापल्या कामाला लागली. शाळांनी जे आक्षेप घेतले ते बहुतेक शिव्यांवरून आणि हॉटेलातल्या एका प्रसंगावरून, जिथे तो एका मुलीला खोलीवर बोलावतो आणि मग तिला म्हणतो आपण नुसतं बोलूया का. सोळा वर्षांच्या मुलाने वाचू नये असं मला त्यात काही दिसत नाही.

समजावून सांगण्याबद्दल मात्र थांबा. होल्डनला समजावणारे पुस्तकात दोन जण आहेत. पहिले इतिहासाचे म्हातारे स्पेन्सर सर, माणूस प्रेमळ, पण ते आजारपणात त्याला घरी बोलावून त्याचाच नापास झालेला इजिप्तवरचा पेपर त्याला मोठ्याने वाचून दाखवतात. त्या पोराला किती लाजिरवाणं झालं असेल. दुसरे अँटोलिनी, त्याचे आधीच्या शाळेतले इंग्रजीचे सर, ते मध्यरात्री दार उघडतात, कॉफी देतात, अतिशय शहाणं बोलतात, कागदावर सुविचार लिहूनही देतात, आणि होल्डनला कितीतरी वेळापासून झोप नाही, तो त्यांच्यासमोर जांभई देतो.

त्याच्यापर्यंत पोचते ती फीबी, त्याची १० वर्षांची बहीण. ती चिडते, डोक्यावर उशी घेऊन पालथी पडते, आणि विचारते की तुला आवडणारी एक तरी गोष्ट सांग. त्याला पटकन सुचत नाही, मग तो म्हणतो मला ॲली आवडतो. ती म्हणते ॲली तर गेला. तो म्हणतो माहितेय, म्हणून काय आवडायचा थांबणार का. आणि मग ती नाताळच्या खरेदीला साठवलेले आपले ८ डॉलर ६५ सेंट त्याच्या हातात देते, सगळे. तेव्हा तो रडतो. एवढ्या सगळ्या पुस्तकात मोठ्यांनी इतकं सांगितलं पण तो फुटला तिथे.

तुमच्या मुलाला बसवू नका, रेघा मारलेल्या ओळींवरून प्रश्न तर मुळीच विचारू नका, ती त्याची खासगी जागा आहे. तुम्ही स्वतः वाचा, इंग्रजी सोपं आहे, बोलल्यासारखं. आणि मग कधीतरी चहा करताना सहज म्हणा की मला फीबी फार आवडली. बोलला तर बोलला, नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा आहेच. पण जेवण सुटलं असेल, झोप उडाली असेल, मरणाचं बोलत असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा, तिथे पुस्तकाचा काही संबंध नाही.

प्रश्न : यावर सिनेमा आहे का? आणि मराठीत असं काही? – एक वाचक, अमरावती

उत्तर : सिनेमा नाही. सॅलिंजर यांच्या एका कथेवर १९४९ मध्ये चित्रपट निघाला होता, तो त्यांना इतका खटकला की २०१० मध्ये वारेपर्यंत त्यांनी होल्डन कोणाला दिला नाही. मला तर बरंच वाटतं.

मराठीत अर्थातच 'कोसला', भालचंद्र नेमाडे, १९६३. पांडुरंग सांगवीकर गोष्ट सांगतो तेव्हा पंचवीसचा आहे, पण पुण्यातल्या कॉलेजचे, हॉस्टेलचे दिवस वाचा, तेच एकटेपण, फक्त इथे मागे खानदेशातलं खेडं आहे आणि बापाचा पैसा उधळल्याची बोच आहे, ती होल्डनला नाही. दोघांची तुलना आजवर पुष्कळांनी केलीय. मला बोलण्याची लकब जास्त दिसते, होल्डन वाक्य संपवताना 'अँड ऑल' म्हणतो, पांडुरंग 'वगैरे' म्हणतो, म्हणजे खरं सांगायचंय ते तोंडाशी आलं की दोघंही तिथून सटकतात. आणि पांडुरंगचीही धाकटी बहीण, मनी, देवीच्या आजाराने जाते. त्या पानांवर 'वगैरे' कुठे येतं आणि कुठे येत नाही ते बघत वाचा.