सी ड्राइव्ह भरलाय, अनोळखी फाइल्स कुठल्या उडवू?

सी ड्राइव्ह लाल झालाय आणि नाव न कळणाऱ्या मोठ्या फाइल्स काढू का, असं तुम्ही विचारलंय. नावाआधी फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते बघा. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्समध्ये हाताने काहीही उडवू नका. मी नाशिकला रविवार कारंज्याजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पंचवटीतल्या एका दुकानदार काकांनी डीएलएल फाइल्स, म्हणजे प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइल्स, कचरा समजून काढल्या आणि ऐन दिवाळीत बिलाचं सॉफ्टवेअरच उघडेना. फार हळहळ वाटली.

हायबरफिल डॉट सिस कित्येक जीबीची दिसते, पण तो व्हायरस नाही. हायबरनेट करताना, म्हणजे उघडी कामं तशीच जपून कॉम्प्युटर बंद करताना, रॅममधलं (चालू कामाच्या मेमरीतलं) सगळं तिच्यात उतरतं. हायबरनेट बंद केलं की ती आपोआप जाते. पेजफाइल डॉट सिस मात्र राहू द्या, रॅम कमी पडली की विंडोज ती वापरतं. टेम्प फोल्डरातल्या तात्पुरत्या फाइल्स, डाउनलोड्समधले जुने इन्स्टॉलर खुशाल काढा. विंडोज डॉट ओल्ड, म्हणजे अपग्रेडनंतर उरलेलं जुनं विंडोज, सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधूनच काढा. मग जुन्या विंडोजवर परत जाता येणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

तुमच्याच फोल्डरातली एखादी फाइल ओळखू येत नसेल तर पेनड्राइव्हवर हलवा आणि महिनाभर थांबा. कशाचं काही अडलं नाही, तर उडवा.