ओव्हरक्लॉकनंतर गेममध्ये पांढरे ठिपके आणि रंगीत चौकटी दिसतात. कार्ड खराब झालं का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ते ओव्हरक्लॉक करायला (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायला) आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कोअर (कार्डाची मुख्य चिप) +१५० मेगाहर्ट्झ, मेमरी +१००० मेगाहर्ट्झ. गेम बंद पडत नाही, पण थोड्या वेळाने पांढरे ठिपके चमकतात आणि भिंतींवर रंगीत चौकटी उमटतात. यावरून कार्ड गेलं असं मी म्हणणार नाही. माझा पहिला संशय मेमरीवर आहे.

या कार्डची जीडीडीआर६ मेमरी १५ जीबीपीएसची (सेकंदाला गिगाबिट), आफ्टरबर्नरमध्ये ती निम्म्या आकड्याने, साधारण ७५०० मेगाहर्ट्झ, दिसते. +१००० केल्यावर ती १७ जीबीपीएसवर धावते. काही कार्डं हे पेलतात, बरीच पेलत नाहीत. मेमरीत एखादा बिट चुकला की टेक्स्चरचा (पृष्ठभागावरच्या चित्राचा) रंग चुकतो, पण गेम चालूच राहतो. कोअर कमी पडला की लक्षणं बहुधा वेगळी असतात: आकृत्यांचे कोपरे सुळक्यासारखे ताणले जातात, किंवा पडदा क्षणभर काळा होऊन ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) रीसेट होतो. कार्डाने २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर विंडोज स्वतःच ड्रायव्हर रीसेट करतं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. ही विभागणी शंभर टक्के पक्की नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

काहीही बदलण्याआधी, ठिपके दिसत असतानाच चार-पाच स्क्रीनशॉट घ्या आणि ते फोनवर उघडून पाहा. चित्रात ठिपके असतील तर ते कार्डानेच चुकीचं काढलं आहे. पडद्यावर सतत दिसतात पण एकाही स्क्रीनशॉटमध्ये नाहीत, तर केबल, पोर्ट किंवा मॉनिटर तपासा. अशा वेळी क्लॉकशी (वेगाच्या आकड्यांशी) खेळण्यात अर्थ नाही.

आता आफ्टरबर्नरमध्ये सगळं शून्यावर आणा आणि पीसी रीस्टार्ट करा. एनव्हीडिया अ‍ॅपमधलं ऑटोमॅटिक ट्यूनिंग किंवा कार्ड कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर चालू असेल तर तेही बंद करा. दोन सॉफ्टवेअर एकाच कार्डावर आपापले आकडे लादत असतात आणि आपण भलत्याच स्लायडरला दोष देतो, हे फार वेळा घडतं. मग गेममधल्या त्याच जागी, तितकाच वेळ खेळून पाहा.

शून्यावरही ठिपके राहिले तर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर मुळासकट काढणाऱ्या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर काढून नवा टाका, डिस्क क्लीनअपमधून डायरेक्टएक्स शेडर कॅशे (ग्राफिक्सच्या साठवलेल्या फाइल्स) पुसा, स्टीमवर गेमच्या फाइल्स व्हेरिफाय करा. तरीही फरक नाही, तर मेमरी −२०० करून पाहा. त्याने ठिपके गेले, किंवा बायोसच्या (विंडोजच्या आधी येणाऱ्या) स्क्रीनवरही चौकटी दिसल्या, तर दोष हार्डवेअरचा आहे, वॉरंटीत द्या. आफ्टरबर्नरचे आकडे विंडोज सुरू झाल्यावरच लागू होतात, त्यामुळे बायोसमधल्या चौकटींचं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही.

शून्यावर सगळं स्वच्छ असेल तर एका वेळी एकच स्लायडर हलवा. कोअर ० ठेवून मेमरी +४००, आणि ओसीसीटी या तपासणी सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाच्या मेमरीची) टेस्ट लावा. एकही एरर आली तरी तो आकडा बाद. एरर नसेल तर १००-१०० ने चढा. मात्र ही टेस्ट कार्ड खऱ्या गेमइतकं तापवेलच असं नाही, म्हणून प्रत्येक पायरीला अर्धा तास जड गेमही चालवा. पहिली एरर जिथे येईल तिथून १५० खाली येऊन थांबा. कोअर व्होल्टेजचा स्लायडर वाढवून मेमरीचे ठिपके जाणार नाहीत. तो फक्त जीपीयूच्या कोअरसाठी आहे.

मग मेमरी ० करून कोअर. +६० पासून १५-१५ ने चढा, कारण एनव्हीडियाचा क्लॉक साधारण तेवढ्याच पायऱ्यांनी हलतो. इथे लोक नेमके फसतात: स्ट्रेस टेस्ट पास होते आणि गेमच्या मेनूत ड्रायव्हर कोसळतो. पूर्ण लोडवर पॉवर लिमिट (कार्डाच्या वीजवापराची मर्यादा) क्लॉकला खाली दाबून ठेवते, हलक्या लोडवर तो वर उसळतो. म्हणून एखादा हलका जुना गेम आणि एखादा रे ट्रेसिंगवाला (प्रकाशाचं जड गणित करणारा), दोन्हींत तपासा. शेवटी दोन्ही आकडे एकत्र लावून पुन्हा तपासणी करा, कारण एकत्र लावल्यावर उष्णता वाढते.

उष्णतेचं गणित आपल्याकडे गांभीर्याने घ्यायला हवं. जानेवारीत पक्का वाटलेला आकडा नागपूर-जळगावच्या मे महिन्यात टिकेलच असं नाही. ३०६० वर मेमरीचं तापमान सहसा दिसत नाही, त्यामुळे कोअर ६५ अंश दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. पंखा ७० टक्क्यांवर ठेवून तेवढ्याने ठिपके गेले, तर कारण उष्णता आहे.

आरटीएक्स ३०८० सारखी जीडीडीआर६एक्स मेमरी असलेली कार्डं वाचणाऱ्यांसाठी: तिथे चुकलेला डेटा मेमरी पुन्हा पाठवते, म्हणून ठिपके न दिसता एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) घटतो. मेमरी वाढवूनही बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या चाचणीचा) स्कोअर खाली आला तर ती मर्यादा ओलांडली समजा.

हे सगळं होईपर्यंत आफ्टरबर्नरमधलं, स्टार्टअपला आकडे लावणारं विंडोजच्या चिन्हाचं बटण दाबू नका. आधीच दाबलं असेल आणि लॉगिननंतर पडदा काळा होत असेल, तर सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर अनइन्स्टॉल करा आणि मग नव्याने सुरुवात करा.