वाचकांचे प्रश्न : एकाच ड्रायव्हरचे फुल-रेंज स्पीकर

प्रश्न : वूफर-ट्वीटरच्या जोडीऐवजी एकच फुल-रेंज ड्रायव्हर (खर्जापासून तारस्वरापर्यंत सगळं वाजवणारा एकच पडदा) लावला तर काय मिळतं आणि काय जातं?

उत्तर : गायकाच्या गळ्यातला आवाज दोन पडद्यांत वाटला जात नाही, सगळा एकाच जागेवरून येतो. मधल्या पट्टीत क्रॉसओव्हरचा, म्हणजे खर्ज आणि तारस्वर वेगळे करून दोन ड्रायव्हरना वाटणाऱ्या सर्किटचा, सांधा नसतो. त्यामुळे जवळ बसून ऐकताना गायक नेमका कुठे उभा आहे ते स्पष्ट कळतं. गाणं, गिटार, बासरी यांना हे स्पीकर शोभतात.

जातं ते दोन्ही टोकांना, आणि दोष मापाचा आहे. खर्जासाठी पडदा मोठा हवा, तारस्वरासाठी लहान. चार इंची ड्रायव्हरचा हलणारा भाग साधारण 8 सेमी व्यासाचा. 4300 हर्ट्झला ध्वनीची तरंगलांबीही तेवढीच, म्हणून त्याच्या वर आवाज बॅटरीच्या झोतासारखा समोरच जातो. आठ इंची ड्रायव्हरमध्ये हे त्याच्या निम्म्या वारंवारतेलाच होतं. मध्यभागी चिकटवलेला छोटा शंकू, म्हणजे व्हिझर, थोडी मदत करतो, पण स्वतःचे खाचखळगे घेऊन येतो.

खालच्या टोकाचा हिशेब आणखी कठोर आहे. चार इंची पडदा दोन्ही बाजूंना 3 मिमी हलला, तर बंद पेटी भिंतीत बसवूनही 50 हर्ट्झला एक मीटरवर जेमतेम 80 डेसिबल मिळतात. तेवढ्याच हालचालीत 100 हर्ट्झला 92. शिवाय तोच पडदा खर्जासाठी मागेपुढे झुलत असताना त्याच्यावरच गाणंही चालू असतं, म्हणून आवाज वाढवला की सूर गढूळ होतात.

प्रश्न : 20 सेमी रुंद पेटीत 8 ओहमचे चार इंची ड्रायव्हर बसवले. शब्द स्वच्छ, पण आवाज पातळ आहे आणि कानाला टोचतो.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पातळपणा पेटीच्या रुंदीमुळे. लांब लाटा पेटीला वळसा घालून मागे निघून जातात, आखूड लाटा पुढच्या फळीमुळे समोरच येतात. 115 ला मीटरमधल्या रुंदीने भागा : इथे 575 हर्ट्झ. त्याच्या आसपासपासून खाली पातळी घसरत जाते आणि अखेर 6 डेसिबलने उतरते. उपाय : 0.8 मिलिहेन्रीची एअर-कोअर (लोखंडी गाभा नसलेली) कॉइल आणि 4 ओहम, 10 वॉटचा रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडा, आणि ही जोडी ड्रायव्हरच्या प्लस तारेत सिरीजमध्ये घाला. वरची पट्टी साडेतीन डेसिबलने खाली येते. भिंत जवळ असेल तर तेवढं पुरतं. मोबदल्यात अँप्लिफायरचा आवाज थोडा जास्त वाढवावा लागेल.

टोचणं बहुधा 2 ते 5 किलोहर्ट्झमधल्या उंचवट्याचं, म्हणजे तिथे ड्रायव्हर बाकीपेक्षा जोरात वाजतो. आधी फुकटचा इलाज : स्पीकर थेट कानावर रोखू नका, 10-15 अंश बाजूला वळवा. तरी टोचत असेल तर मायक्रोफोनने मोजा. उंचवटा 3 किलोहर्ट्झला असेल तर 0.5 मिलिहेन्रीची कॉइल, 5.6 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि 6.8 ओहमचा रेझिस्टर एकमेकांना समांतर, तिन्ही मिळून सिरीजमध्ये. कॅपॅसिटर फिल्मचा घ्या. न मोजता हे भाग बसवू नका, भलत्याच ठिकाणी खड्डा पडेल. ‘अँप्लिफायर आणि ड्रायव्हरच्या वाटेत एकही पुर्जा नको’ म्हणणारे यावर नाक मुरडतील, मुरडू द्या. उंचवटा सहन करण्यापेक्षा तीन पुर्जे बरे.

प्रश्न : पोर्ट (खर्ज वाढवणारी हवेची नळी) असलेल्या पेटीत जोरदार ढोल वाजला की पडदा थडथडतो. ड्रायव्हर खराब झाला का?

उत्तर : तसं असेलच असं नाही. पोर्ट ज्या वारंवारतेला जुळवलेला असतो (ट्यूनिंग) तिच्याखाली पेटीतली हवा पडद्याला आवरत नाही, तो मोकाट हलतो आणि व्हॉइस कॉइल (पडद्याला हलवणारी तारेची गुंडाळी) आपटते. असंच चालू ठेवलं तर मात्र खराब होईल. पोर्टमध्ये फोमचा घट्ट बोळा घालून पाहा. खर्ज कमी होईल, पण पडदा ताब्यात येईल.

पुरेसं नसेल तर खालच्या वारंवारता अँप्लिफायरच्या आधीच छाटा. त्याचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) 47 किलो-ओहम असेल, तर सिग्नलच्या तारेत 33 नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर सुमारे 100 हर्ट्झपासून हळूहळू खाली कापतो. स्पीकरच्या तारेत मोठा कॅपॅसिटर घालू नका : रेझोनन्सला (पडदा ज्या वारंवारतेला आपोआप झुलतो तिथे) ड्रायव्हरचा इम्पीडन्स 8 ओहमच्या कित्येक पट होतो आणि गणित कोलमडतं. गेलेला खर्ज सबवूफरकडे सोपवा.

प्रश्न : शंभर तास वाजवल्यावर आवाज सुधारतो म्हणतात, खरं का?

उत्तर : पडद्याची कडा आणि स्पायडर (पडद्याला मागून धरणारी लवचीक चकती) जरा सैल होतात, रेझोनन्स थोडा खाली येतो. उंचवटा आणि झोत जसेच्या तसे राहतात.