वाक्यात 'टुमॉरो' असेल तर 'विल'च लावायचं का?

नाही. आणि ज्यांनी हा नियम शिकवला त्यांनी तुमचं नुकसान केलं, हे स्पष्टच सांगतो.

तुमच्या क्लासच्या सरांनी 'आय अ‍ॅम मीटिंग हिम टुमॉरो' चूक ठरवलं म्हणता. हाच प्रकार माझ्या पोरीसोबत झाला, म्हणून लिहून राहिलो.

ती सातवीत होती. पेपरात तिनं लिहिलं, 'माय आंट इज कमिंग फ्रॉम अमरावती टुमॉरो.' त्यावर लाल रेघ आणि वर 'विल कम'. पालकसभेत मी मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "टुमॉरो आलं की विल." तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण शेजारचे एक सर, नुकतेच पुण्याकडून आलेले, हसून म्हणाले, "इकडची पोरं 'आत्या येऊन राहिली'चं इंग्रजी करतात ना, म्हणून असं होतं."

ते मला लागलं. अख्खं आयुष्य नागपुरात गेलं. 'उद्या अमरावतीला जाऊन राहिलो' असं आम्ही म्हणतो तेव्हा तिकीट काढलेलं असतं, तिकडे फोन झालेला असतो. इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ इथे नेमकं हेच काम करतो: दुसऱ्यांशी बोलून पक्कं झालेलं पुढचं काम. पोरीच्या कानाला जे बरोबर लागलं, ते तिच्या बोलीला नावं ठेवून खोडलं. त्याच शाळेत 'रेन अँड मार्टिन' हे इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक लावलं होतं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन गेलो, चालू वर्तमानकाळाच्या पानावर हा वापर सरळ दिलेला दाखवला. मॅडमनी वाचलं आणि "परीक्षेत विलच चालतं" म्हणाल्या. मार्क एकच होता, पण तो दिला नाही.

बाकीचं तुम्हाला माहीतच असेल. आत्ता बोलता बोलता ठरवलं किंवा शब्द दिला, तर 'विल'. मनात आधीच ठरलेलं, किंवा काळे ढग डोळ्यांना दिसताहेत, तर 'गोइंग टू'. गाडीचं वेळापत्रक असेल तर साधा वर्तमानकाळ: 'द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो.' 'आय'सोबत 'शॅल'च हवं, हा हट्ट जॉन वॉलिसच्या 1653 च्या व्याकरणापासून चालत आलाय, आणि ते पुस्तकही लॅटिनमध्ये होतं. आज तो पाळायची गरज नाही.

मुळात इंग्रजी क्रियापदाला 'येईल'सारखं भविष्याचं रूपच नाही. 'विल' हे 'कॅन', 'मे' यांच्याच पंगतीतलं. दार वाजलं की 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणतात, तेव्हा पोस्टमन आत्ताच दारात उभा असतो. मग 'विल' म्हणजेच भविष्यकाळ, हे कुठून आलं?

हां, एक सांभाळा. जे कोणाच्या ठरवण्यात नाही, तिथे हा आयएनजीवाला चालू वर्तमानकाळ चालत नाही. 'इट इज रेनिंग टुमॉरो' चूकच. आणि 'इफ', 'व्हेन'नंतर भविष्याचा 'विल' नको: 'इफ इट रेन्स'. बोलण्यात 'विल' आणि 'गोइंग टू' पुष्कळदा एकमेकांच्या जागी चालून जातात, तिथे फार डोकं लावू नका.

स्पर्धा परीक्षेत पर्याय बघून लिहा. पण सरांसमोर मात्र पुस्तक उघडून ठेवा, आणि 'नागपुरी इंग्रजी' म्हणाले तर ऐकून घेऊ नका.