चौकातल्या शिल्पासाठी रानपिंगळा कसा दाखवावा?

जरूर रानपिंगळाच बसवा, म्हणजे रानातलं ते छोटं घुबड; खान्देशाचा त्याच्यावर हक्कच आहे. "घुबड अशुभ, चौकात नको" म्हणणाऱ्यांना त्याची गोष्ट सांगा. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा नमुना (संग्रहात जपलेला मेलेला पक्षी) कुणाला मिळाला नव्हता. १९१४ची एक नोंद होती, पण ती चोरलेल्या जुन्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून केलेली निघाली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, जुने नमुने खरोखर जिथे मिळाले होते ती ठिकाणं धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७मध्ये आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी!

आता मूर्तिकाराला एक गोष्ट बजावून सांगा: डोक्यावर ठिपके नकोत. गावात चिंचेच्या ढोलीत दिसतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, करडं-तपकिरी. छाती गडद, पोट पांढरंशुभ्र, शेपटीवर ठसठशीत पट्टे. पाय मात्र नीट घडवा: जाडजूड, पांढऱ्या पिसांनी झाकलेले, पंजे दणकट. पक्षी जेमतेम वीतभर, पण सरडा-उंदीर सहज उचलतो.

बसवताना निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर बसवा. तो दिवसाढवळ्या असाच उघड्यावर बसतो, म्हणून रात्रीचा देखावा, चंद्र वगैरे काही नको. खाली फलकावर नाव आणि १९९७ची हकिकत मोठ्या अक्षरात लिहा, शाळेतली पोरं थांबून वाचतील. तोरणमाळ, यावलच्या रानात तो आजही आहे, हेही लिहा.